बाबांच्या वहीत रोज 'श्वास २०' : खरंच कुणी मोजतं का?

निशिगंध_ठाणे | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

बाबा ७६ वर्षांचे. वागळे इस्टेटमध्ये लेथवर ३१ वर्षं काढली. विडी कधीच सुटली, सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा फुप्फुसाचा आजार) मात्र सुटलं नाही. गेल्या महिन्यात नऊ दिवस ॲडमिट होते, आता घरी आहेत. आम्ही घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या अलीकडे. मशीनवर मिनिटाला २ लिटर ऑक्सिजन, रात्रभर आणि दुपारी थोडा वेळ. रात्री ८ ते सकाळी ८ नर्सिंग ब्युरोच्या मावशी असतात. एक वही केलीय: दर दोन तासांनी ताप, पल्स, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन, टक्क्यांत), श्वास.

काल वही चाळायला घेतली. अकरा रात्री. पल्स ८४, ९१, ७८ असा खालीवर. सॅच्युरेशन ९३, ९४, ९५. श्वास २०, २०, २०, २०. सहासष्ट नोंदी, सगळ्या २०. आज संध्याकाळी मी स्वतः मोबाईलवर मिनिट लावून मोजले तर २८ आले. परत मोजले, २७. ऑक्सिमीटर म्हणतोय ९४. बाबा म्हणतात, "मला काही होत नाही, बातम्या लाव."

९४ खरं मानू की २८? आणि मावशींशी काय बोलू?

तिरकस | रात्री १०:२०

सहासष्टपैकी सहासष्ट? आमच्या ऑफिसातला हजेरीपटही एवढा एकसारखा नसतो. (दिवे घ्या, म्हणजे गंमतीत घ्या.)

खारघरवासी | रात्री १०:२६

९४ म्हणजे छानच की. २०२१ मध्ये आम्ही ९४ साठी देव पाण्यात घातले होते. मशीन एक सांगतंय आणि तुम्ही एक, तर मी मशीनचं ऐकेन.

सिस्टरबाई | रात्री १०:४१

निशिगंध ताई, आधी हे वाचा, मग बाकीच्यांचं. दोनदा मोजून २८ आणि २७ आले असतील आणि बाबा तेव्हा शांत पडून होते, चालून किंवा जेवून आले नव्हते, तर डॉक्टरांना आत्ता फोन करा. उद्या सकाळी नाही. फोन लागला नाही तर कॅज्युअल्टीत न्या. ओठ निळसर झाले, एक वाक्य सलग बोलता येईना, गुंगी आली किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर थेट १०८.

मी २३ वर्षं नोकरीत आहे, सध्या नेरूळला. मोठ्या माणसाचा श्वास शांत असताना मिनिटाला १२ ते २०. ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने पेशंट बिघडतोय का हे ओळखायची एक गुणपद्धत काढली, २०१२ मध्ये, मग २०१७ मध्ये सुधारली. तिच्यात श्वास २५ किंवा त्याहून जास्त असेल तर एकट्या त्याचेच ३ गुण, म्हणजे सगळ्यात वरचे. ८ किंवा कमी असेल तरीही ३. सीओपीडीच्या पेशंटचा श्वास मुळातच थोडा जास्त असू शकतो, त्यामुळे त्यांचा नेहमीचा आकडा किती हे माहीत असायला हवं. तुमच्या वहीत नेमकं तेच नाहीये.

आणि मला हे सांगा: पाणी किंवा चहा पिताना ठसका लागतो का? कफाचा रंग बदललाय का? दोन-तीन दिवसांत जास्त झोपाळले आहेत का? सकाळी डोकं दुखतं म्हणतात का?

निशिगंध_ठाणे | रात्री १०:५५

सिस्टरबाई, धन्यवाद. ठसका लागतो, चहाला जास्त. मला वाटलं वयामुळे. कफ पिवळट. डॉक्टरांना फोन लावतेय.

वागळे_सर्किट | रात्री ११:१८

ताई तिकडे जाईपर्यंत खारघरवासींना उत्तर देतो. मी बायोमेडिकलवाला, ही यंत्रं दुरुस्त करण्यात आयुष्य चाललंय.

ऑक्सिमीटर बोटातून दोन प्रकारचा प्रकाश सोडतो, एक लाल आणि एक डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड. ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन आणि न धरलेलं हिमोग्लोबिन हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. नाडीच्या ठोक्यागणिक बोटात रक्त येतं-जातं, तेवढाच बदलता भाग घेऊन गणित होतं. ही युक्ती ताकुओ आओयागी या जपानी इंजिनियरची, १९७४ सालची. २०२० च्या एप्रिलमध्ये, जग त्याचंच यंत्र शोधत फिरत असताना, ते गेले.

आता या साध्या यंत्राला काय कळत नाही ते बघा. श्वास किती वेळा घेतला, कळत नाही. घेताना किती कष्ट पडले, कळत नाही. कार्बन डायऑक्साईड साठतोय का, कळत नाही. हिमोग्लोबिन मुळात ७ आहे की १४, तेही कळत नाही. आहे त्यातलं किती टक्के भरलंय एवढंच सांगतं. एसीत गार पडलेलं बोट, थरथरता हात, गडद नेलपॉलिश, काहीही झालं तरी आकडा चुकू शकतो. त्वचेचा रंग सावळा-काळा असेल तर खऱ्यापेक्षा जास्त दाखवण्याची शक्यता असते, यावर २०२० पासून बरीच चर्चा झालीये. स्वस्तातल्या एका ऑक्सिमीटरमध्ये मी स्वतः बॉलपेन घातलं होतं. ९८. पेनाची तब्येत उत्तम.

तिरकस | रात्री ११:२१

रिफिल संपत आली होती का पण?

सिस्टरबाई | रात्री ११:४०

वागळे, बरोबर. त्यात एक जोडते. ताईंचे बाबा ऑक्सिजनवर आहेत. नळीतून ऑक्सिजन मिळतोय म्हणून ९४ दिसतंय, पण ते ९४ टिकवायला शरीर २८ वेळा भाता ओढतंय. भाता दमला की मग आकडा पडतो, आणि पडतो तेव्हा भराभर पडतो. श्वास आधी बोलतो, सॅच्युरेशन मागाहून.

उलट बाजूही सांगते. नोकरीच्या तिसऱ्या की चौथ्या वर्षी, हॉस्पिटलचं नाव नको. ऑपरेशन झालेला पेशंट, दुखण्याचं जोरदार इंजेक्शन दिलेलं, मास्कवर ऑक्सिजन, सॅच्युरेशन ९७. बायको बाजूला बसलेली. मला म्हणाली, "सिस्टर, दोन दिवसांनी झोप लागलीये, उठवू नका." मी मनगट धरलं, पल्स व्यवस्थित. तशीच नजर छातीवर ठेवली. एक... आणि मग बराच वेळ काहीच नाही. मिनिटभरात सात. हाक मारली, खांदा हलवला, तर डोळे अर्धे उघडून परत मिटले. डॉक्टर धावत आले, उतारा दिला, माणूस वाचला. तो ९७ चा आकडा शेवटपर्यंत तसाच हिरवा चमकत होता.

आणि खरं सांगायचं तर त्याच्या आधीच्या वर्षांत टीपीआर (ताप, पल्स, श्वास) चार्टवर मीही २० लिहिलंय. ४० पेशंट, आम्ही दोघी. ताप थर्मामीटर सांगतो, पल्स हाताला लागते, बीपी मशीन सांगतं. श्वासासाठी पूर्ण मिनिट नुसतं उभं राहून बघावं लागतं, आणि तेवढं उभं राहिलं की मागून कुणीतरी म्हणतंच, सिस्टर काय बघत बसलात.

कळवा_स्लो | मंगळवार, सकाळी ७:०५

मावशींवर बरंच हसून झालं, म्हणून हे लिहितोय. माझी आई हेच काम करते. कळव्यात राहतो आम्ही, तिची ड्यूटी मुलुंडला. बारा तास. ब्युरोने तिला काय शिकवलं माहितीये? डायपर कसा बदलायचा आणि 'मॅडमना उलट बोलायचं नाही'. ती एएनएम नाही, जीएनएम नाही, म्हणजे नर्सिंगचा कोर्स केलेली नाही, पण घरचे तिला सिस्टर म्हणतात आणि तिने सिस्टरसारखं करावं अशी अपेक्षा करतात, पैसे मावशीचे.

तिलाही असाच तक्ता दिला होता भरायला. तिने मला विचारलं, श्वास म्हणजे काय लिहू रे? आधीच्या बाईने २० लिहिलं होतं, तिने पुढे २० लिहिलं. विचारायला गेली असती तर 'हिला एवढंही येत नाही' म्हणून दुसऱ्या दिवशी ब्युरोकडे फोन.

निशिगंध ताई, एक विचारतो, राग मानू नका. बाबांच्या खोलीत सेकंदकाट्याचं घड्याळ आहे का? आणि मावशींना ड्यूटीवर मोबाईल वापरू देता का?

नातवाची_आजी | सकाळी ८:३०

कळवा_स्लो, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

अवांतर: माझा नातू आठ महिन्यांचा. हे सगळं वाचून मी रात्री त्याचे श्वास मोजले, ४२ आले. सून म्हणते धागे वाचणं बंद करा.

सिस्टरबाई | सकाळी ९:१५

आजी, नातू ठणठणीत आहे. बाळांचा श्वास भरभरच असतो. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ६०, दोन महिने ते एक वर्ष ५०, एक ते पाच वर्षं ४०. त्या आकड्याला पोचला किंवा पुढे गेला तर वेगवान म्हणायचा. आपल्या आशाताईंनाही हे मोजायला शिकवतात. छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल तर मात्र मोजत बसू नका, लगेच दाखवा.

बिनसाखर | सकाळी १०:०२

मी थोडा विरोधी सूर लावतो. माझ्या आईच्या वेळी घरात ऑक्सिमीटर, बीपी, शुगर, सगळं होतं. आम्ही भावंडं दिवसातून वीस वेळा आकडे ग्रुपवर टाकायचो. आई शेवटी म्हणाली, "माझ्याकडे कुणी बघतंय का, की नुसतं बोटाकडे?" आता त्यात श्वासाचीही भर घालू नका. माणूस बघा.

कोपरीची_कोकिळा | सकाळी १०:३१

बिनसाखर, तुमच्या आईंच्या वाक्याला अनुमोदन, तुमच्या निष्कर्षाला नाही. श्वास मोजायचा तर माणसाकडेच बघावं लागतं ना. मी फिजिओ आहे. मोजताना मानेचे स्नायू ताठताहेत का, नाकपुड्या फुलताहेत का, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून पुढे वाकून बसलाय का, हे आपोआप दिसतं.

मोजायचं कसं ते कुणी लिहिलंच नाही. पेशंटला सांगायचं नाही. सांगितलं की माणूस श्वास 'घ्यायला' लागतो, आकडा बिघडतो. नाडी बघतोय असं दाखवून मनगट धरायचं, तो हात पेशंटच्या छातीवर किंवा पोटावर सैल ठेवायचा. वर आणि खाली मिळून एक. पूर्ण ६० सेकंद. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर एका श्वासाची चूक चारची होते. जिना, जेवण, खोकल्याची उबळ झाल्यावर दहा मिनिटं थांबायचं. रात्री अंधारात दिसत नसेल तर दिवा लावून उठवू नका, पांघरुणावर हलका हात पुरतो.

धाप लागली की: पाय खाली सोडून बसवा, पुढे उशीवर हात टेकवा, नाकाने श्वास आत, ओठांचा चंबू करून सावकाश बाहेर. चहाच्या बशीवर फुंकर मारतो ना, तसं.

खारघरवासी | सकाळी ११:१०

मशीनवरचा विश्वास मागे घेतो. माझे सासरेही मशीनवर आहेत. आम्ही धाप वाढली की २ चे ४ करतो. चुकतंय का काही?

सिस्टरबाई | दुपारी १:४५

चुकतंय. काही सीओपीडी पेशंटमध्ये कार्बन डायऑक्साईड साठतो, आणि त्यांना गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला की तो आणखी वाढतो. आधी डोकेदुखी, मग झोपाळूपणा, हात पुढे धरायला सांगितले तर पंजे फडफडतात, मग गुंगी. घरचे म्हणतात किती शांत झोपलेत. म्हणून अशा पेशंटचं लक्ष्य बहुधा ८८ ते ९२ ठेवतात. तुमच्या सासऱ्यांचं लक्ष्य किती हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणा आणि मशीनवर चिकटवा. पण याचा उलटा अर्थ काढून कुणी नळी काढून ठेवू नका! ऑक्सिजन खूप खाली गेला तर त्याने माणूस लवकर जातो. आकडा लक्ष्याच्या खाली राहतोय तर फोन आणि १०८. झोपेच्या गोळ्याही स्वतःच्या मनाने नकोत.

खारघरवासी | दुपारी २:२०

लिहून आणतो. आम्ही आणखी एक केलंय, महावितरणचा 'देखभालीसाठी वीज बंद' मेसेज दोनदा उशिरा पाहिल्यावर: बी टाईप सिलेंडर आणून ठेवलाय. साधारण १५०० लिटर. २ लिटरने बारा तास म्हणा. पाना दोरीने सिलेंडरलाच बांधलाय, नाहीतर ऐन वेळी तोच सापडत नाही.

वागळे_सर्किट | दुपारी ३:०४

पाना बांधलात हे वाचून डोळे पाणावले. बाकी घरच्या मशीनबद्दल: मागचा फिल्टर आठवड्याला धुवा आणि पूर्ण वाळवून लावा. बाटलीत डिस्टिल्ड पाणी, नळाचं नाही. मशीन भिंतीला आणि पडद्याला चिकटवू नका. नळीला पीळ पडलाय का बघा; मी एकदा 'मशीन बिघडलं' म्हणून घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास काढून गेलो तर नळीवर खाटेचा पाय. आणि कृपा करून त्या खोलीत उदबत्ती, निरांजन, विडी काही नको. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पेटलेल्याला भडकवतो. नाक कोरडं पडतं म्हणून व्हॅसलीनही लावू नका, पाण्यात विरघळणारं जेल मिळतं.

नातवाची_आजी | दुपारी ३:३०

देवघर त्याच खोलीत असेल तर?

तिरकस | दुपारी ३:३३

देवाला हॉलमध्ये शिफ्ट करा. त्यालाही टीव्ही मिळेल.

कोपरीची_कोकिळा | दुपारी ४:१२

अवांतर: बाल्कनीत कबुतरं असतील तर जाळी लावा. विष्ठेची आणि पिसांची धूळ फुप्फुसाला त्रास देते, काहींना त्यातून ॲलर्जीचा न्यूमोनायटिस (फुप्फुसाला सूज) होतो.

बिनसाखर | दुपारी ४:१५

कबुतरांवर आलात! आता हा धागा तीनशेवर जाणार. हेमाशेपो (हे माझे शेवटचे पोस्ट).

(यापुढच्या कबुतरांवरच्या ४१ पोस्ट ॲडमिनने वेगळ्या धाग्यावर हलवल्या आहेत.)

निशिगंध_ठाणे | शनिवार, रात्री ९:५०

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला. सोमवारी रात्रीच बाबांना नेलं. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या खालच्या बाजूला नवीन डाग. डॉक्टरांचा पहिला प्रश्न सिस्टरबाईंचाच होता: ठसका लागतो का? बाबा पडल्या पडल्या, मान तेवढी उचलून चहा प्यायचे आणि आम्ही पिऊ द्यायचो. चहा थोडा थोडा श्वासनलिकेत जात होता, त्यातून न्यूमोनिया झाला असावा असं त्यांचं म्हणणं. रक्तातला कार्बन डायऑक्साईडही थोडा वाढलेला निघाला. चार दिवस ठेवून आज दुपारी सोडलं. मशीन आता १ लिटरवर, लक्ष्य ८८ ते ९२, मशीनवर चिकटवलं. खाणंपिणं पूर्ण बसवून, छोटे घोट, नंतर अर्धा-पाऊण तास आडवं करायचं नाही. झोपतानाही डोक्याकडची बाजू उचललेली.

'थोडं थांबून बघू' असं ठरवत होतो आम्ही सोमवारी. ९४ होतं ना.

आता कळवा_स्लो यांच्या प्रश्नाचं उत्तर. बाबांच्या खोलीत एक डिजिटल घड्याळ आहे, लाल आकड्यांचं. तास आणि मिनिटं दाखवतं, सेकंद नाही. आणि मोबाईल रात्री ड्यूटीवर चार्जिंगला बाहेर ठेवायचा, असं पहिल्याच दिवशी मीच मावशींना सांगितलं होतं. त्यांनी मोजायचं म्हटलं असतं तरी कशावर मोजणार होत्या?

ब्युरोकडे तक्रार केली नाही. आज संध्याकाळी त्या आल्या तेव्हा दोघी बाबांच्या खाटेपाशी बसलो, एकत्र मोजलं. माझे २२, त्यांचे २३. वहीची आधीची पानं दाखवली तर त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "ताई, आकडा नव्हता माहीत, पण त्या रविवारी बाबा बसूनच झोपले होते. मी मागच्या पानावर लिहिलं होतं." पाहिलं. वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलने: 'बाबा झोपत नाही. बसून राहीले. बोलताना थांबत्यात.' आम्ही मागचं पान कधी उघडलंच नव्हतं, कारण तक्ता पुढच्या पानांवर होता.

आता खोलीत सेकंदकाट्याचं घड्याळ लावलंय आणि तक्त्यात शेवटचा रकाना मोठा केलाय, 'काय दिसलं'.

कळवा_स्लो | रात्री १०:०८

आईला वाचून दाखवलं. 'बोलताना थांबत्यात' ऐकून म्हणाली, ही बाई हुशार आहे, सोडू नका.

सिस्टरबाई | रात्री १०:३०

मावशींचं ते वाक्य टीपीआर चार्टवर लिहिलं असतं तर आमच्या सरांनी राउंड थांबवून वाचलं असतं. ताई, एक काम अजून: सकाळी ८ ला त्या जाताना दोन मिनिटं ओव्हर घेत जा. रात्र कशी गेली, खाणं-पाणी, कूस किती वेळा बदलली, पाठीवर कुठे लाल डाग आहे का. बॅग खांद्याला लावल्यावर नाही, त्याच्या आधी. आणि खाटेजवळ बेल आहे का बाबांना?

निशिगंध_ठाणे | रात्री १०:४४

दाराची बिनवायरची बेल आणलीये, बटण उशीला दोरीने बांधलं. बाबा बातम्यांचं चॅनेल बदलायलाही वाजवतात.

निशिगंध_ठाणे | रविवार, सकाळी ८:२०

वहीतली आजची रात्र, जशीच्या तशी:

'१०. श्वास २३. १२. श्वास २२, कफ पांढरा. २. श्वास १९, झोप. ४. श्वास २१. बाबांनी डोळे उघडले, म्हनाले मनगटावर हात आणि बघतेस छातीकडं, नाडी तिकडं सरकली का.'

तिरकस | सकाळी ८:२६

बाबांना ३१ वर्षं लेथवर काढल्यावर कुणी मापात फसवणार का!

खारघरवासी | सकाळी ८:४०

ताई, घड्याळ कुठून घेतलंत? मलाही सेकंदकाट्याचंच हवंय, हल्ली सगळीकडे डिझाईनची मिळतात.

निशिगंध_ठाणे | सकाळी ८:५२

तलावपाळीजवळ, शाळेच्या वस्तूंच्या दुकानात. दोनशे चाळीस रुपये. टिकटिक फार करतं, पण सेकंदकाटा लाल आहे आणि खाटेवरून दिसतो.